न विरघळणारं शिसं

ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही इमारतीत नळ सोडला, की पाणी आपल्यापर्यंत तीन-चार पितळी वस्तूंमधून वाट काढत येतं. रस्त्याखालच्या जलवाहिनीवर बसवलेलं फेरुल, मीटरचं कवच, गच्चीवरच्या टाकीजवळचा व्हॉल्व्ह आणि शेवटी मोरीतला किंवा स्वयंपाकघरातला नळ. वरून क्रोमचा चकचकीत मुलामा असला, तरी आतला धातू पुष्कळदा पिवळाच असतो. पितळेत तांबं आणि जस्त असतं, हे आपण शाळेत शिकतो. त्यातला तिसरा धातू सहसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. शंभर भागांत तो जेमतेम दोन-तीन भाग असतो. तो धातू म्हणजे शिसं.

या तिसऱ्याची रीत पहिल्या दोघांहून निराळी आहे. जस्त तांब्यात विरघळतं. दोघांच्या अणूंची मिळून एकच जाळी तयार होते आणि तांब्याची लाली पिवळेपणात बदलते. शिसं मात्र घट्ट झालेल्या पितळेत जवळजवळ मुळीच विरघळत नाही. थालीपिठाचं पीठ कितीही मळलं तरी तीळ जसे वेगळेच राहतात, तसे शिशाचे बारीक थेंब पितळेच्या कणाकणांत विखरून बसतात. नळाचा तुकडा कापून, घासून, चकचकीत करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर हे थेंब काळपट ठिपक्यांसारखे दिसतात. ओतीव पितळेला शिशामुळे मिळणारे गुण आणि शिशामुळे तिला चिकटलेला धोका, या दोन्हींचं मूळ या न विरघळण्यात आहे. या प्रकरणात त्या मुळाचा माग काढायचा आहे.

शंभर भागांचा हिशेब

शिसेयुक्त पितळेच्या लगडी आणि ओतीव वस्तूंसाठी आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचं आयएस २९२ हे मानक आहे. त्यातल्या ज्या प्रतीची पितळ नळ-व्हॉल्व्हच्या धंद्यात नेहमी वापरली जाते, तिला कारखान्यांत ‘एलसीबी-टू’ म्हणतात. तिच्याच कुळातली आणि जगभर सी८५४०० या क्रमांकाने ओळखली जाणारी एक पितळ उदाहरणादाखल घेऊ. तिच्यात तांबं ६५ ते ७० टक्के, जस्त २४ ते ३२ टक्के, शिसं १.५ ते ३.८ टक्के आणि कथील ०.५ ते १.५ टक्के असतं. लोखंड, निकेल, ॲल्युमिनियम, सिलिकॉन यांना ठरावीक मर्यादेपर्यंतच जागा मिळते. सिलिकॉनची मर्यादा तर ०.०५ टक्के, म्हणजे दोन हजारांत एक भाग.

यातल्या प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. तांबं धातूला चिवटपणा देतं आणि गंजापासून राखतं. जस्त वितळण्याचं तापमान खाली आणतं, ताकद वाढवतं आणि मुख्य म्हणजे धातू स्वस्त करतं. तांब्याच्या मानाने जस्त बरंच स्वस्त असल्यामुळे जस्ताचा एकेक टक्का कारखान्याच्या हिशेबाला हातभार लावतो. थोडं कथील पाण्यातली झीज कमी करतं. शिसं मात्र ताकद वाढवत नाही आणि गंजही थांबवत नाही. त्याची कामं वेगळी आहेत. ती पुढे येतील.

अशा पितळेचं वजन दर घन सेंटिमीटरला सुमारे ८.४४ ग्रॅम भरतं. ती ९२७ अंश सेल्सिअसला वितळायला लागते आणि ९४१ अंशांना पूर्ण पातळ होते. साच्यातून निघालेल्या तुकड्याची ओढ सोसण्याची ताकद सुमारे २३४ मेगापास्कल असते, म्हणजे चौरस मिलिमीटरला साधारण २४ किलो. साध्या पोलादापुढे ही ताकद कमीच आहे. पण तुटण्याआधी हा धातू आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक ताणला जातो. आटे आवळताना पान्याला जरा जास्त जोर लागला, तरी तो काचेसारखा तडकत नाही. नळाच्या शरीराला ताकदीपेक्षा या सोसण्याचाच अधिक उपयोग होतो.

भट्टीपुढची घाई

पितळ ओतताना सगळ्यात अवघड असतं ते जस्ताला सांभाळणं. तांबं १,०८५ अंशांना वितळतं आणि जस्त ९०७ अंशांना उकळतं. एक वितळण्याआधीच दुसरं वाफ होऊन उडून जाणार, अशी ही जोडी आहे. म्हणून ओतारी मुशीत आधी तांबं वितळवतो आणि जस्त नंतर, तुकड्यातुकड्याने, रसाच्या आत दाबून घालतो. तांब्यात विरघळलेलं जस्त सुट्या जस्ताइतक्या सहज उडत नाही. तरी रस फार तापला, की मुशीवर हिरवट-पांढरी ज्वाला उठते आणि कापसासारखा पांढरा भुगा उडू लागतो. तो जस्ताचा ऑक्साइड असतो. तो धूर छातीत गेलेल्या कामगाराला त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो. पितळ ओतणाऱ्यांचा हा ताप जगभरच्या वैद्यांना फार जुन्या काळापासून माहीत आहे. धूर वर ओढून घेणारा पंखा आणि झाकलेली मूस, हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

शिसं सगळ्यात शेवटी घालतात. ते ३२७ अंशांनाच वितळतं आणि दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम इतकं जड असतं. दोन-तीन टक्के शिसं पातळ पितळेच्या रसात नीट सामावतं, पण रस ढवळला नाही तर ते मुशीच्या तळाशी जाऊन बसतं. मग पहिल्या साच्यातले नळ शिशावाचून ओतले जातात आणि शेवटच्या साच्यात शिसं जास्त जातं. एकाच मुशीतल्या नळांचा गुण असा वेगवेगळा निघतो. म्हणून ओतण्याच्या आधी तळापासून ढवळणं, हा भट्टीचा नियमच असतो.

साच्यात रस गेल्यावर शिशाचा स्वभाव उघड होतो. रस थंड होऊ लागतो तसे आधी तांबं आणि जस्त मिळून झाडाच्या फांद्यांसारखे स्फटिक वाढवतात. त्यांच्यात शिशाला जागा नसते, म्हणून ते फांद्यांमधल्या उरलेल्या रसात ढकललं जातं. नऊशे अंशांच्या आसपास पितळ घट्ट होते, तेव्हाही त्या फटींत अडकलेलं शिसं पातळच असतं. धातू आणखी पाचशे-सहाशे अंश थंड होऊन ३२७ अंशांवर येईपर्यंत बाहेरून घन दिसणाऱ्या नळाच्या पोटात पातळ शिशाचे असंख्य थेंब असतात. म्हणून गरम नळ साच्यातून घाईने ठोकून काढला तर त्याला भेगा जाण्याची भीती असते. अशाच कारणाने या प्रतीची शिसेयुक्त पितळ तापवून घडवणंही अवघड जातं. ओतलेली वस्तू निवू द्यावी लागते.

थंड होताना पितळ आकसतेसुद्धा, दर फुटाला सुमारे ३/१६ इंच. त्यामुळे ज्याच्यावरून साचा उठवतात तो नळाचा लाकडी किंवा धातूचा पॅटर्न हव्या त्या मापापेक्षा तेवढा मोठा करतात. पॅटर्न करणाऱ्याकडे यासाठी वेगळी पट्टी असते. तिच्यावरचे इंच मुळातच थोडे लांब आखलेले असतात.

लेथवरचा फरक

साच्यातून निघालेला नळ अजून अर्धाच तयार असतो. त्याला आतून-बाहेरून आटे पाडायचे असतात आणि वॉशर जिथे टेकतो ती बैठक अगदी सपाट कापायची असते. शिसं नसलेली पितळ लेथवर घेतली, तर हत्यारापुढून लांब, गुंडाळत जाणारी दोरी निघते. ती हत्याराला वेढे घालते, पृष्ठभाग ओरबाडते आणि मशीन थांबवून हाताने सोडवावी लागते. शिसं असलेली पितळ कापताना मात्र बारीक कण टपटप गळत राहतात. कापण्याचा जोर शिशाच्या थेंबापर्यंत पोहोचला की तिथे धातू तुटतो, कारण थेंबाजवळ धातूला ताकद नसते. शिवाय मऊ शिसं हत्यार आणि धातू यांच्यामध्ये पातळ थरासारखं पसरतं आणि घर्षण कमी करतं. हत्यार कमी तापतं, धार जास्त टिकते आणि मशीनचा वेग वाढवता येतो.

हा गुण मोजताना शिसेयुक्त पितळी सळईला १०० गुण धरतात आणि बाकीचे धातू तिच्याशी ताडून पाहतात. वर घेतलेल्या ओतीव पितळेला या मोजपट्टीवर ८० गुण आहेत. ज्या लहान कारखान्यात पाच-सहा लेथ आहेत, तिथे या गुणांचा अर्थ सरळ असतो: त्याच वेळेत, त्याच विजेत आणि त्याच हत्यारात किती नळ निघतील. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि त्याच्या कामाचा आरंभ ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून झाला. तेव्हापासून वागळे इस्टेट, डोंबिवली, अंबरनाथ या पट्ट्यात लहान अभियांत्रिकी कारखान्यांची वस्ती वाढली. अशा कारखान्यांच्या दृष्टीने सहज कापला जाणारा धातू ही चैन नसते. धंदा नफ्यात चालणार की तोट्यात, हे पुष्कळदा त्यावरच ठरतं.

फटी बुजवणारे थेंब

शिशाचं दुसरं काम डोळ्यांना दिसतच नाही. ओतीव धातू गोठताना आकसतो. स्फटिकांच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या की मधल्या अरुंद वाटांतून नवा रस पुरेसा पोहोचत नाही आणि केसापेक्षा बारीक पोकळ्या उरतात. अशा पोकळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या, की नळाच्या भिंतीतूनच पाणी पाझरतं. बाहेरून कुठेही भेग दिसत नाही, तरी दाबाखाली पाण्याचा थेंब फुटतो. शेवटपर्यंत पातळ राहिलेलं शिसं नेमकं या वाटांत शिरतं आणि त्या बुजवतं. दाब सोसणाऱ्या ओतीव व्हॉल्व्हमध्ये शिसं घालण्याचं हे मोठं कारण आहे.

हेच काम ॲल्युमिनियमचा अगदी थोडा अंशही बिघडवू शकतो. ॲल्युमिनियम असलेल्या रसावर ऑक्साइडची चिवट साय धरते. ओतताना ती दुमडून आत अडकते आणि भिंतीच्या आरपार फट उरते. दिखाऊ वस्तूंसाठी काही जण मुद्दाम जरा ॲल्युमिनियम घालतात, कारण त्याने पृष्ठभाग स्वच्छ येतो. दिव्याच्या समईला ते चालून जातं. दाबाखालच्या व्हॉल्व्हला चालत नाही.

जिथे शिसं नको असतं

शिशाचं हे वेगळेपण नीट समजायचं तर ते जिथे अडचण करतं तिकडेही पाहावं लागतं. कल्याणच्या शेजारी अंबरनाथला आयुध निर्माणी आहे. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना झाल्यापासून ती यंत्र इंडिया लिमिटेडमध्ये आहे. काडतुसाच्या कवचासाठी लागणारे पितळी कप हा तिच्या कामाचा एक भाग आहे. काडतुसाची पितळ म्हणजे ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त, आणि शिसं जवळजवळ शून्य. टक्क्याचा शंभरावा हिस्साही मोजून धरला जातो. ही पितळ थंड असतानाच पत्र्याच्या चकतीपासून कप आणि कपापासून लांब नळकांडी अशी ओढत न्यायची असते. भिंत पातळ होत जाते आणि धातूचा एकेक कण ताणला जातो. त्यात शिशाचा एक थेंब जरी असला, तरी तिथूनच भिंत फाटते. लेथवर जो थेंब कण तोडून देतो, तोच थेंब इथे कवच फोडतो.

दुसरं उदाहरण देवळातल्या घंटेचं. खणखणीत वाजणारी घंटा कांशाची असते. शंभरांत वीस-बावीस भाग कथील आणि बाकी तांबं. हे मिश्रण कडक असतं आणि त्यात उठलेलं कंपन बराच वेळ टिकतं. शिसं कंपन गिळतं. घंटेच्या धातूत ते जास्त झालं की आवाज बसतो. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या कितीतरी देवळांत गेल्या. घंटा पारखायची ती वाजवून, कारण धातूतली खोट आवाजात उतरते. नळाची खोट मात्र आवाजावरून कळत नाही. ती कळते दाबाच्या चाचणीत.

खाडीकाठचा जुना व्यापार

या पट्ट्याला तांबं आणि शिसं नवं नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत कल्याणचा उल्लेख बंदर म्हणून येतो. भडोचला समुद्रमार्गे येणाऱ्या मालाच्या यादीत त्यात तांबं, कथील आणि शिसं ही तिन्ही नावं आहेत. सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कॉसमस कल्याणहून बाहेर जाणाऱ्या मालात तांब्या-पितळेचा धातू, इमारती लाकूड आणि कापड यांची नोंद करतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याबद्दल लिहिलं आहे. त्यात व्यापारी गलबतांतून इथे सोनं, चांदी आणि तांबं आणतात, असं म्हटलं आहे.

सातवाहन राजांनी शिशाची नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली. तांबं, कथील आणि शिसं एकत्र करून केलेल्या पोटीन या मिश्रधातूचीही पाडली. शिसं घातलं की रस पातळ वाहतो, साचा नीट भरतो आणि ठसा स्पष्ट उठतो, हा अनुभव त्या ओताऱ्यांना होता. कल्याणच्या बंदरात उतरलेला माल नाणेघाटातून जुन्नरला चढायचा. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका दानलेखात कांसारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. धातूकाम करणाऱ्यांची संघटना इतकी भक्कम होती, की धर्मकार्याचा पैसा तिच्याकडे व्याजी ठेवला जात होता. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे लेख आहेत. म्हणजे आज ठाणे-डोंबिवलीत चालणाऱ्या धातूच्या कामाच्या मागे याच खाडीकाठच्या व्यापाराची सुमारे दोन हजार वर्षं उभी आहेत.

भंगारातून येणारी सरमिसळ

लहान भट्टीत शुद्ध तांबं आणि शुद्ध जस्त क्वचितच उतरतं. पितळ पुन्हा पुन्हा वितळवता येते, आणि तिचा बहुतेक धंदा भंगारावरच चालतो. मोडके नळ, व्हॉल्व्ह, समया, वायरींचे पितळी भाग, लेथखालचा चुरा असं सगळं एकत्र येतं. व्यापारी पिवळ्या पितळेच्या भंगाराला ‘हनी’ आणि लालसर मिश्रधातूच्या भंगाराला ‘इबनी’ म्हणतात. ही नावं आंतरराष्ट्रीय भंगार व्यापाराने ठरवलेली आहेत आणि आपल्या बाजारातही रुळली आहेत.

भंगार वापरणं ही उत्तमच गोष्ट आहे. खाणीतून तांबं काढण्याच्या मानाने त्याला ऊर्जा फार कमी लागते. प्रश्न येतो तो सरमिसळीतून. एखाद्या लगडीत ॲल्युमिनियमच्या पितळेचा तुकडा मिसळला, की गळती सुरू होते. सिलिकॉन असलेला धातू मिसळला, तर पितळेची आतली रचनाच बदलते. फ्रेंच धातुशास्त्रज्ञ लेओँ गिये यांनी यासाठी एक सोपा हिशेब दिला होता. पितळेच्या रचनेवर होणारा परिणाम पाहिला, तर एक टक्का सिलिकॉन दहा टक्के जस्ताइतका आणि एक टक्का ॲल्युमिनियम सहा टक्के जस्ताइतका ठरतो. त्यामुळे रंगावरून किंवा हातात तोलून पितळेची जात ओळखण्याचा जुना अंदाज पुरा पडत नाही. मुशीतून काढलेला छोटा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर ठेवला, की मिनिटभरात प्रत्येक धातूचा टक्का समजतो. हातात धरायची एक्स-रे बंदूक भंगाराच्या ढिगावरच हे काम करते. यंत्र महाग आहे, पण चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घेता येते. जो ओतारी प्रत्येक मुशीचा नमुना जपतो, त्याचा नळ वर्षानुवर्षं एकसारखा निघतो.

पाण्याशी गाठ

आता धोक्याकडे वळू. तो दोन प्रकारचा आहे.

पहिला धोका जस्ताचा. पाण्यात क्लोराइड जास्त असेल आणि पाणी साचून राहत असेल, तर पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याचा गुलाबी, सच्छिद्र सांगाडा उरतो. नळ दिसतो तसाच राहतो, पण पान्याचा जोर लागताच हातात तुटतो. पंधरा टक्क्यांहून अधिक जस्त असलेल्या पितळांना हा रोग लागू शकतो. पितळेत शंभरांत पाचशतांश भागाच्या आसपास आर्सेनिक घातलं की तो बराच आटोक्यात राहतो. दुसरा मार्ग म्हणजे गनमेटल: ८५ भाग तांबं, आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी पाच भाग. त्यात जस्त कमी म्हणून हा रोग लागत नाही. पण त्यात शिसं पाच टक्के आहे, आणि तिथून दुसरा धोका सुरू होतो.

शिसं पितळेत विरघळलेलं नसतं, थेंबांच्या रूपात सुटं असतं. त्यामुळे पाण्याला टेकलेल्या पृष्ठभागावरचा थेंब पाण्यात उतरायला मोकळा असतो. लेथवर कापताना शिसं कापलेल्या पृष्ठभागावर पसरतंही. म्हणून नव्या नळातून सुरुवातीला शिसं जास्त येतं आणि काळानुसार कमी होत जातं. मऊ पाणी, किंचित आम्ल पाणी आणि रात्रभर नळीत साचलेलं पाणी ते अधिक ओढून घेतं. सह्याद्रीच्या काळ्या खडकावरून वाहत येऊन बारवी, भातसा अशा धरणांत साठणारं पाणी विंधन विहिरीच्या पाण्याच्या मानाने मऊ असतं. ठाणे-डोंबिवलीकरांच्या नळाला प्रामुख्याने धरणाचं आणि नदीचंच पाणी येतं.

प्रमाणाचा अंदाज घेऊ. ४०० ग्रॅमच्या नळात अडीच टक्के शिसं असेल, तर ते १० ग्रॅम झालं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्यही तेवढंच आहे. या हिशेबाने एका नळातलं शिसं दहा लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत न्यायला पुरेसं आहे. त्यातलं बहुतेक धातूच्या पोटात बंद असतं आणि पाण्यापर्यंत पोहोचतच नाही, हे खरं. पण शिशाचा अगदी थोडा अंशही लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतो आणि त्याची सुरक्षित पातळी कुणालाही दाखवता आलेली नाही. म्हणून हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. भट्टीवर काम करणाऱ्याच्या बाबतीत तर हा प्रश्न पाण्याच्याही आधी येतो. कपड्यांवरून शिशाची धूळ घरी जाऊ नये, यासाठी कारखान्यातच हात-तोंड धुऊन कपडे बदलण्याची सोय असणं हा त्या कुटुंबातल्या मुलांचा हक्क आहे.

शिशावाचून पितळ

अमेरिकेत २०११ साली झालेल्या कायद्याने पिण्याच्या पाण्याला टेकणाऱ्या नळांतलं शिसं सरासरी ०.२५ टक्क्यावर आणलं. ४ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला. त्यानंतर जगभर शिशाला पर्याय शोधण्याला वेग आला. त्यातला एक पर्याय बिस्मथ आहे. तेही पितळेत विरघळत नाही आणि कापताना कण तोडून देतं. पण ते थेंब होऊन बसण्यापेक्षा कणांच्या सीमांवर पापुद्र्यासारखं पसरतं, त्यामुळे धातू ठिसूळ होण्याची भीती असते. दुसरा पर्याय सिलिकॉनचा. त्यात सुमारे ७६ टक्के तांबं, ३ टक्के सिलिकॉन आणि बाकी जस्त असतं. इथे कण तोडण्याचं काम मऊ थेंबांऐवजी धातूत आपोआप तयार होणारे कडक कण करतात. ताकदही जास्त मिळते. मात्र हत्यार लवकर झिजतं आणि या धातूचा चुरा शिशाच्या पितळेच्या चुऱ्यात मिसळला तर दोन्ही बिघडतात. म्हणजे शिसं काढायचं तर केवळ मुशीतला मसाला बदलून भागत नाही. हत्यार, मशीनचा वेग आणि भंगाराचे वेगवेगळे ढीग ठेवण्याची शिस्त, हे सगळं बदलावं लागतं.

हे बदल ठाणे-डोंबिवलीच्या लहान कारखान्यांना शक्य आहेत असं मला मनापासून वाटतं, कारण इथे ओतकामाची आणि लेथची कला आधीपासून आहे. अडचण कलेची नाही, मागणीची आहे. गॅसच्या, वाफेच्या किंवा कारखान्यातल्या यंत्राच्या व्हॉल्व्हमध्ये शिसेयुक्त पितळ आजही सर्वांत समंजस निवड आहे. तिथे ती ठेवावी. पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर मात्र कमी शिशाची पितळच हवी.

ग्राहकाच्या हातात यात बरंच आहे. सकाळी पहिलं पाणी पिण्यासाठी भरण्याआधी नळ अर्धा-एक मिनिट वाहू द्यावा आणि ते पाणी बादलीत धरून भांड्यांना किंवा झाडांना वापरावं. नवा नळ बसवल्यावर पहिले काही दिवस हे जास्त काटेकोरपणे करावं. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी गरम पाण्याच्या नळाचं पाणी घेऊ नये, कारण गरम पाणी शिसं अधिक ओढतं. आणि दुकानात नळ घेताना वजन आणि चकाकी पाहून थांबू नये. धातू कोणत्या प्रतीचा आहे आणि त्यात शिसं किती आहे, हे विचारावं. सोसायटीने इमारतीचं प्लंबिंग बदलायला काढलं असेल, तर निविदेतच मिश्रधातूची प्रत आणि शिशाचा टक्का लिहून मागावा. दुकानदाराला पहिल्यांदा उत्तर देता येणार नाही. पण हा प्रश्न वारंवार विचारला गेला, तर तो त्याच्याकडून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तिथून भट्टीपर्यंत जाईल, आणि भट्टीवाल्याला मुशीच्या नमुन्याचा आकडा द्यावाच लागेल.